मोहरीएवढ्या भोकातून

"काय ओ, गडावर कुणाचं लगीन हाय काय?"

येळ्ळूरच्या शिवारात भल्या पहाटे एका मामांनी मला हे विचारलं. त्यांचा काही दोष नाही. गळ्यात कॅमेरा, पाठीवर फुगलेली सॅक, खांद्यावर आडवा ट्रायपॉड. लग्नाच्या फोटोग्राफरला निदान गाडीतून तरी नेतात. मला राजहंसगडावर चढून खालच्या भातशेतीवर पडणारं पहिलं ऊन टिपायचं होतं. कॅमेरा एक किलोचा, लेन्स एक किलोची, ट्रायपॉड दीड किलोचा, वर पाणी आणि डबा. असे दोन-तीन रविवार काढल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. ट्रायपॉड घरी ठेवला आणि मोठा कॅमेरा नेत राहिलो. हा हिशेब साफ उलटा होता, पण ते कळायला मला दोन पावसाळे लागले.

मोठा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे चांगला फोटो, हे जो तो सांगतो आणि ते खोटं नाही. प्रकाश कणाकणाने येतो. वळवाची सर सुरू होताना अंगणातल्या फरशांकडे बघा. सारख्या मापाच्या फरशा, पण एकीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर अकरा. सेन्सरच्या पिक्सेलांवर, म्हणजे त्याच्या बारीक चौकोनांवर, फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण असेच पडतात. सरासरी १०० फोटॉन पडायचे असतील तिथे १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के चूक. १०,००० पडले तर १०० इकडेतिकडे, म्हणजे फक्त १ टक्का. पहाटेच्या फोटोतल्या आभाळात जो रवा दिसतो, तो बराचसा हाच. जास्त प्रकाश गोळा केला की रवा बारीक होतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्स म्हणतात तो १७.३ × १३ चा, जेमतेम २२५. चौपट फरक झाला.

पण सेन्सरची परात मोठी असून भागत नाही, नळ किती सोडलाय तेही बघावं लागतं.

निसर्गाच्या फोटोत आपल्याला पायाजवळचा जांभा दगडही स्पष्ट हवा आणि क्षितिजावरचा डोंगरही. त्यासाठी लेन्सचं भोक बारीक करावं लागतं. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरची लेन्स एफ ११ वर लावली आणि पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर साधारण नव्वद सेंटिमीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. आता भोकाचा व्यास काढा. लेन्सचे मिलिमीटर, म्हणजे तिचं फोकस अंतर, भागिले एफचा आकडा: २४ भागिले ११, म्हणजे २.२ मिलिमीटर. तोच देखावा, तेवढीच स्पष्टता छोट्या सेन्सरवर हवी असेल तर १२ मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर लागते. १२ भागिले ५.६, म्हणजे २.१ मिलिमीटर. जवळजवळ तेवढंच! दोन्हीकडे टपोऱ्या मोहरीच्या दाण्याएवढं भोक, आणि अख्खा देखावा त्यातूनच आत येणार.

म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर सारखाच वेळ उघडं राहिलं तर आत आलेला एकूण प्रकाशही सारखाच. पहाटे हातात कॅमेरा धरून सेकंदाचा तिसावा भाग एवढीच उसंत असते. छोट्यावर आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ४०० लागला तर मोठ्यावर १६०० लावावा लागतो, आणि रवा जवळपास सारखाच येतो. मोठी परात तीन चतुर्थांश रिकामी. ती भरायची तर शटर चौपट वेळ उघडं ठेवायला हवं, आणि त्यासाठी ट्रायपॉड हवा. तोच मी घरी ठेवून आलो होतो. भर उन्हात मोठा सेन्सर उजवा ठरतो हे खरं, पण भर उन्हात फोटो काढायला गडावर चढतो कोण?

गंमत म्हणजे आज जड वाटणारी ही फुल फ्रेम मुळात एका दमेकऱ्याने ओझं कमी करायला काढली. जर्मनीतल्या वेट्सलार गावी लाइट्स कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला भटकंतीची आणि फोटोची हौस, पण काचेच्या प्लेटांचा कॅमेरा वाहून नेताना दम लागायचा. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, १८ × २४ ची सिनेमाची चौकट दुप्पट करून २४ × ३६ ची केली आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावणारा कॅमेरा बनवला. तो १९२५ मध्ये लायका नावाने बाजारात आला. तेव्हाच्या जाणत्यांना ही चौकट पोरखेळ वाटली असणार. आज तिलाच आपण 'फुल' म्हणतो.

वजनाचं खरं घर लेन्समध्ये असतं. काचेची लांबी-रुंदी-जाडी दुप्पट केली की घनफळ आठपट होतं. प्रत्यक्षात लेन्स इतक्या सरळ हिशेबाने वाढत नाहीत, पण कल दिसतो. निकॉनचा फुल फ्रेम डी ८५० हा १,००५ ग्रॅमचा आणि त्याची २४-७० एफ २.८ व्हीआर लेन्स १,०७० ची. दोन किलोंच्या वर. याउलट छोट्या सेन्सरचा ओएम-५ हा ४१४ ग्रॅमचा आणि १२-४५ एफ ४ लेन्स २५४ ची, मिळून ६६८. डीएसएलआर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यातला, आरसा गेल्याचाही यात वाटा आहे. आरशाला हलायला जागा लागायची म्हणून कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स सेन्सरपासून ४४ मिलिमीटर पुढे बसायची. सोनीच्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हे अंतर १८ वर आलं.

उरलेली कसर सेन्सर हलवणारी यंत्रणा भरून काढते. आतला जायरोस्कोप हाताचा कंप ओळखतो आणि चुंबकावर तरंगणारा सेन्सर तेवढाच उलट सरकतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणून पाच स्टॉपची मदत म्हणजे ३२ पट वेळ. तिसाव्या भागाचा जवळपास एक सेकंद होतो. जांबोटीच्या रानातल्या ओहोळाचं पाणी दुधासारखं दिसायला तेवढं बास. वाऱ्याने हलणारं पान मात्र ही यंत्रणा थांबवू शकत नाही.

मग फोनच का नको? प्रश्न रास्त आहे. चांगल्या फोनची मुख्य लेन्स साधारण ७ मिलिमीटरची आणि एफ १.८ ची असते. भागाकार केला तर भोक ३.९ मिलिमीटर, माझ्या मोहरीपेक्षा मोठं! पण परात बशीएवढी, ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे आभाळाचा उजेड पडताच उतू जाते. फोन म्हणून भराभर अनेक फोटो घेतो आणि एकावर एक रचतो. सोळा फोटोंची सरासरी काढली की रवा चौथ्या हिश्श्यावर येतो. युक्ती अफलातून आहे. पण वाऱ्यावर डुलणाऱ्या भाताच्या लोंब्या सोळा फोटोंत सोळा ठिकाणी असतात, आणि फोन त्यांची खुशाल खिचडी करतो.

दोन किरकोळ गोष्टी मला किलोभर कॅमेऱ्यापेक्षा मोलाच्या वाटतात. पहिली, पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिरती काच. कणकुंबी-चोर्ला बाजूला पावसात रान हिरवंगार असतं, पण फोटोत फिकट येतं, कारण ओली पानं पांढऱ्या आभाळाचा आरसा होतात. परावर्तित प्रकाशाची कंपनं बरीचशी एका दिशेत असतात. पोलरायझर फिरवून ती अडवली की खालचा हिरवा रंग वर येतो. बदल्यात दीड स्टॉप प्रकाश जातो, जाऊ दे. दुसरी गोष्ट, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत लेन्सला बुरशी धरते. माझी एक लेन्स कपाटात कातडी पिशवीत होती. दिवाळीला काढली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. साफ करून आणली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता तो खाल्लाच.

आता पुन्हा त्या मामांकडे. नंतरच्या एका रविवारी मी हलका कॅमेरा घेऊन उतरत होतो. मामा बांधावरच भेटले. या खेपेला लग्नाचं नाव काढलं नाही. "आमचं शिवार दाखवा बघू" म्हणाले. गडावरून दोनेक किलोमीटर लांबचं शेत. ह्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि लेन्स १२ मिलिमीटरची, म्हणजे तेवढ्या अंतरावर एका पिक्सेलात साधारण ५५ सेंटिमीटर जमीन मावते. अर्ध्या मीटरचा बांध म्हणजे एक पिक्सेल जाडीची रेघ. मी स्क्रीनवर फोटो मोठा केला, त्यांनी बोट ठेवून बांध ओळखला.

पुढचा फोटो मी एफ १६ वर काढला होता. निसर्गाला एफ १६ च, ही जुनी शिकवण हातातून जात नाही. पण भोक जितकं बारीक, तितका प्रकाश कडेवरून पसरतो. एका बिंदूची सेन्सरवर चकती होते. एफ ५.६ ला ती साधारण ७.५ मायक्रॉनची, दोन पिक्सेल. एफ १६ ला २१ मायक्रॉनची, सहा पिक्सेल. म्हणजे त्या शेतात साडेतीन मीटर. चकतीचा उजेड मध्यावर जास्त असतो म्हणून सगळंच जात नाही, पण अर्ध्या मीटरची रेघ पार पुसट होते.

मामांनी डोळे बारीक करून स्क्रीनवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"बांध कुठं गेला ओ?" म्हणाले. "भावकी दहा वर्षं कोर्टात हाय त्याच्यावरनं, तुम्ही फोटोतच पुसलासा की."