पाहुण्यांची घरं आणि शहरांचा कर : पार्श्वभूमी

चार रात्री मुक्कामाला आलेल्या माणसाकडून गावाने कर घ्यावा, ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. फ्रान्समध्ये १९१० च्या कायद्याने औषधी झऱ्यांच्या आणि हवापालटाच्या गावांना तशी मुभा मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेल कर १९६१ पासून आहे. पाहुणा गावाचं पाणी, रस्ते, सफाई वापरतो, पण तिथे घरपट्टी भरत नाही. मग त्याने थोडा भार उचलावा, इतका हा साधा हिशोब. हॉटेलांकडून वसुलीही सोपी होती. पाटी रस्त्यावर, नोंदवही काउंटरवर.

राहतं घर भाड्याने देणाऱ्याकडे ना पाटी, ना नोंदवही. तरी समुद्रकाठच्या आणि डोंगरातल्या गावांत सुट्टीपुरती घरं देण्याची पद्धत जुनीच, आणि तिथे कोणाचं घर भाड्याने जातं हे साऱ्यांना माहीत असायचं. १९९५ मध्ये सुरू झालेलं व्हीआरबीओ हे संकेतस्थळ अशाच घरमालकांसाठी होतं. २००८ मध्ये घरमालक आणि पाहुणे यांची इंटरनेटवर गाठ घालून देणारी एअरबीएनबी ही कंपनी आली आणि हा व्यवहार मोठ्या शहरांतल्या रहिवासी इमारतींत शिरला.

नियम नव्हते असं नाही. रहिवासी घर अल्पमुदतीने देण्यावर लंडनमध्ये १९७३ च्या कायद्याने बंधन होतं. २०१५ मध्ये ते सैल करून वर्षाला ९० रात्रींची सूट दिली गेली. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये कायदा दुरुस्त करून, बहुतेक निवासी इमारतींत घरमालक हजर नसताना ३० दिवसांहून कमी मुदतीने फ्लॅट देण्यास मनाई केली. अडचण अंमलबजावणीत होती. जाहिरातीत नेमका पत्ता नसतो, नकाशावर फक्त अंदाजे वर्तुळ दिसतं. फोटोतली खिडकी, बाल्कनीचे गज, समोरची भिंत ताडून इमारत शोधायची, हे काम पालिकेच्या माणसांना करावं लागलं. एक घर सापडेपर्यंत दहा नवी जाहिरातीत झळकायची.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म इथेच आहे: पत्ता कोणाच्या हातात?

२०१४ मध्ये पोर्टलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबीने पाहुण्यांकडून कर गोळा करून पालिकेला द्यायला सुरुवात केली. त्यानंतर अशा करारांची रांगच लागली. तिजोरीत पैसा आला, पण अनेक करारांत रक्कम एकगठ्ठा यायची. कोणत्या घरापोटी किती, हे पालिकेला कळत नसे. हा सौदा शहरांना महागात पडला असं मला वाटतं. कर घेतला म्हणजे व्यवहार मान्य केला, असा अर्थ घरमालकांनी लावला आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींना उत्तर देणं अवघड झालं.

शहरांनी कंपन्यांवरच बंधनं घातली आणि पुढची लढाई कोर्टात गेली. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळावर नाही, असं सांगणाऱ्या १९९६ च्या अमेरिकी कायद्याचा आधार कंपन्यांनी घेतला. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराच्या खटल्यात २०१९ मध्ये अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली: बंधन मजकुरावर नाही, बेकायदा बुकिंग करून देण्यावर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याच दिशेने बडगा उगारला. नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय कंपनीला बुकिंगच पुढे नेता येत नाही. घरमालक घरात हवा आणि पाहुणे दोनच.

बाकी शहरांनी रात्री मोजल्या. वर्षाला किती रात्री घर देता येईल याची मर्यादा ॲमस्टरडॅमने ६० वरून २०१९ मध्ये ३० वर आणली. जपानच्या २०१८ च्या कायद्यात ती १८० दिवस आहे. बार्सिलोनाने तर नोव्हेंबर २०२८ नंतर पर्यटक-फ्लॅटचे १०,१०१ परवाने नूतनीकरण न करण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं.

उलटही घडलं. ॲरिझोना राज्याने २०१६ मध्ये शहरांचा बंदी घालण्याचा अधिकारच काढून घेतला. सेडोनासारख्या लहान गावात कामगारांना राहायला घर मिळेनासं झालं, तरी गावाचे हात बांधलेले. २०२२ मध्ये परवाने देण्याचा अधिकार परत मिळाला, बंदीचा नाही.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमावलीने मात्र मुळालाच हात घातला. २० मे २०२६ ही ती लागू होण्याची तारीख. जिथे नोंदणीची पद्धत आहे, तिथे प्रत्येक घराचा पत्ता, नोंदणी क्रमांक, किती रात्री आणि किती पाहुणे, ही माहिती मोठ्या कंपन्यांनी दर महिन्याला सरकारी यंत्रणेला द्यायची आहे.