क्वाड वेगळी, बग्गी वेगळी: एकीवर अंग हलवायचं, दुसरीत बांधून ठेवायचं

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मित्रमंडळींचे जैसलमेरचे बेत ठरायला लागतात. डिसेंबर-जानेवारीतले चार दिवस, सॅम नाहीतर खुरीच्या वाळूत गाड्या फिरवायच्या, रात्री शेकोटी. बुकिंग करताना सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: एटीव्ही. जाहिरातीत फोटो हँडलवाल्या क्वाडचा असतो आणि तिथं गेल्यावर हातात येते स्टिअरिंगवाली बग्गी, किंवा बरोबर उलट. 'दोन्ही सारखंच की, चार चाकं आहेत ना' म्हणून मंडळी चढून बसतात. हा गैरसमज मोडायलाच पाहिजे, कारण या दोन गाड्यांवर जीव सांभाळायची रीत एकमेकींच्या अगदी उलट आहे. एकीवर जे केल्यानं माणूस वाचतो, तेच दुसरीत केलं तर हात-पाय जातो.

आधी ओळख उरकून घेऊ. एटीव्ही म्हणजे क्वाड. घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, हातात मोटारसायकलसारखं हँडल, उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटलचा खटका. यूटीव्ही म्हणजे साइड-बाय-साइड, बोलताना बग्गी. शेजारी शेजारी खुर्च्या, गोल स्टिअरिंग, पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, डोक्यावर लोखंडी पिंजरा, अंगावर पट्टा. पोलारिस कंपनीची स्पोर्ट्समन ही पहिल्या जातीतली, तिचीच आरझेडआर दुसऱ्या. 500 सीसीच्या आसपासची क्वाड 300 ते 350 किलोची असते. बग्गी 500 किलोच्या पुढे जाते, मोठी असली तर 700 सुद्धा ओलांडते.

फोर व्हील ड्राइव्ह, लो गिअर, डिफरेन्शियल लॉक ही भानगड उसाच्या फडातून ट्रॅक्टर काढणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही, तत्त्व तेच आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हाय-लो बदलताना गाडी पूर्ण उभी पाहिजे. आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद चाकांकडे जाताना रबरी बेल्टवरून जाते. चाकं वाळूत रुतल्यावर थ्रॉटल दाबून धरला की तो बेल्ट एकाच जागी घासून जळतो. करपलेल्या रबराचा वास आला की थांबायचं, खाली उतरायचं, चाकांपुढची वाळू हातानं किंवा फावड्यानं काढायची, आणि मगच लो गिअरमध्ये सावकाश निघायचं.

आता खरा घोटाळा, आणि तो अंगाचा आहे.

क्वाडवर चालवणाऱ्याचं अंग हा गाडीचाच भाग असतो. 70 किलोचा माणूस 300 किलोच्या गाडीवर बसला की एकूण वजनातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्याचाच, आणि तोही सगळ्यात उंचावरचा. ते वजन तुम्ही कुठं ठेवता यावर गाडी चारी चाकांवर राहणार की उलटणार हे ठरतं. चढाला कमरेतून पुढं वाकायचं, गरज पडली तर पायदानावर उभं राहून छाती हँडलवर न्यायची. उताराला मागं सरकायचं. आडव्या उतारावरून जाताना वरच्या बाजूला कलायचं. वळताना थोडं पुढं आणि आतल्या बाजूला झुकायचं, आणि भार मात्र बाहेरच्या पायदानावर दाबायचा. शेवटचं लोकांना विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. चेनवर चालणाऱ्या क्वाडला मागं डिफरेन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, नसतं; मागची दोन्ही चाकं कायम सारखीच फिरतात. ट्रॅक्टरचा डिफ लॉक दाबून ठेवून वळवायला गेलात तर तो जसा सरळच पळतो, तशी. बाहेरच्या पायावर भार दिला की आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते.

म्हणूनच क्वाडची सीट लांब असते. मागं-पुढं सरकायला जागा पाहिजे म्हणून ती लांब आहे, मागं मित्राला बसवायला नव्हे. खाली वाकून बघा: पायदानं दोनच आहेत, मागच्याला पाय ठेवायला जागाच नाही. मागं माणूस बसला की चालवणाऱ्याला मागं सरकता येत नाही आणि मागचं वजन इतकं होतं की चढावर पुढची चाकं उचलतात. दोन माणसांसाठी बांधलेल्या क्वाडी वेगळ्या मिळतात. त्यांची पुढची-मागची चाकं एकमेकांपासून लांब असतात, मागच्याला वेगळी बैठक, वेगळी पायदानं आणि धरायला कड्या असतात. एकाच्या क्वाडवर तिघांचा फोटो दिसला की संताप येतो. भाड्यानं देणारा 'चालतं' म्हणाला तरी ते चालत नाही.

मोटारसायकलवाल्याची दुसरी सवय याहून घातक. खानापूर-जांबोटीच्या लाल चिखलात गाडी घसरायला लागली की मागचा ओरडतो, "पाय टाक की!" आणि आपण पाय टाकतो. वर्षानुवर्षांची सवय, अंगात मुरलेली. क्वाडवर पाय टाकलात तर तो पडतो बरोबर मागच्या चाकाच्या वाटेत. रुंद टायर टाच पकडतं, पाय खाली ओढतं आणि पोटरीवर चढतं. क्वाडवर दोन्ही पाय पायदानावरच पाहिजेत, गाडी उभी असली तरी. कलत असेल तर अंग उलट बाजूला न्यायचं आणि हँडल उताराच्या दिशेनं वळवायचं. तरीही उलटणारच असं दिसलं तर हँडल सोडून वरच्या बाजूनं उतरून लांब व्हायचं. क्वाडला पिंजरा नाही, तिच्याखाली सापडलेल्याला वाचवणारं काही नाही. ऑस्ट्रेलियात 2021 पासून नव्या कामाच्या क्वाडींना मागं एक संरक्षक कमान बसवणं सक्तीचं आहे. तशी कमान दिसली म्हणून तिला पिंजरा समजू नका. गाडी पूर्ण अंगावर येऊ नये, खाली थोडी पोकळी राहावी, एवढंच तिचं काम. त्यावर पट्टा बांधून बसायचं नसतं.

बग्गीत हे सगळं उलटं करा. तिथं तुमचं अंग म्हणजे बांधलेलं सामान. पाठ खुर्चीला टेकलेली, पट्टा कमरेत घट्ट, दोन्ही पाय गाडीच्या तळाला सपाट टेकलेले. अंग कलवून काही फायदा नाही, कारण गाडी जड आहे आणि तुम्ही तिच्या मध्यात खाली बसलेले आहात. बग्गी कडेवर जायला लागली की हात आपोआप बाहेर जातो, जणू जमिनीला टेकून गाडी थोपवणार आहोत. त्याच क्षणी पिंजऱ्याची नळी 600 किलो घेऊन त्या हातावर येते. बग्गीतल्या वाईट दुखापती बऱ्याचदा हाताच्या असतात त्या यामुळं. चालवणाऱ्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मुरगळतो. शेजारच्यानं समोरची दांडी धरायची. डोक्यावरची पिंजऱ्याची नळी धरून बसणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे. गाडी उलटली तर जमिनीला आधी ती नळी लागते, आणि मध्ये तुमची बोटं असतात.

पट्ट्याबद्दल आणखी एक. काही बग्ग्यांत चालवणाऱ्यानं पट्टा लावला नाही तर वेग ताशी 24 किलोमीटरच्या आसपास अडतो. मग पट्टा पाठीमागून टाकून खटक्यात बसवायची हुशारी केली जाते. असा पट्टा लावलेला दिसला तर त्या माणसाच्या शेजारी बसू नका. हेल्मेट पिंजऱ्यातही लागतं, कारण डोकं आधी त्याच नळीवर आपटतं. लहान मुलांची परीक्षा सोपी आहे: पाठ टेकून बसल्यावर पाय खाली पोचतात का, समोरची दांडी हाताला येते का? नाही, तर बसवायचं नाही. क्वाडच्या बाबतीत मोठ्या इंजिनाला उत्पादक 16 वर्षांची अट घालतात, ती पाळा.

चढ अर्ध्यात सुटला तर काय करायचं, यातही तोच फरक दिसतो. वाळूच्या टेकाडाचा वाऱ्याच्या बाजूचा उतार मंद असतो, आडोशाची बाजू 32 ते 34 अंशांची, कोरडी वाळू याहून उभी राहतच नाही. मंद बाजूनं सरळ चढायचं, माथ्याजवळ वेग कमी करायचा, कारण पलीकडे तो कडा असू शकतो. क्वाड अर्ध्यात थांबली तर अंग पुढंच ठेवायचं, पार्किंग ब्रेक लावायचा, वरच्या बाजूनं उतरायचं आणि हातानं फिरवून खाली आणायची. मागं घसरायला लागली तर थ्रॉटल अजिबात नको, मागचा ब्रेक झटक्यानं नको, कारण पुढची चाकं उचलून गाडी पाठीवर येते. पुढचा ब्रेक हळूहळू दाबायचा. बग्गीतून मात्र कुणी उतरायचं नाही: ती रिव्हर्समध्ये, सरळ रेषेत, सावकाश मागं आणायची. चढावर आडवी वळवायला गेलात की तिथंच कलंडते.

टायरच्या हवेबद्दल दोन्हीकडे एकच गाढवपणा होतो, तो इथंच सांगून टाकतो. क्वाडच्या टायरच्या कडेला मोठा आकडा छापलेला असतो. तो टायर रिमवर बसवताना चालणाऱ्या जास्तीत जास्त दाबाचा असतो, चालवायचा नव्हे. चालवायचा आकडा गाडीच्या चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो, आणि तो बहुतेक 4 ते 7 पीएसआय. बग्गीला साधारण 10 ते 14. आपल्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या गेजला 10 च्या खालचं धड कळत नाही, म्हणून 0 ते 15 चं लहान गेज खिशात असू द्या. थंडीत हे फार महत्त्वाचं. दुपारी 25 अंशांत 5 पीएसआय भरलेलं टायर पहाटे 5 अंशांत 3.7 वर येतं. मोटारीच्या टायरला एवढा फरक जाणवत नाही, क्वाडचं टायर वळणावर रिमवरून सुटतं. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर मोजायची.

थंडीचा मार क्वाडवाल्याला जास्त. 5 अंशांत ताशी 40 च्या वेगानं गेलात तर अंगाला उणे 1 सारखं लागतं. बधिर झालेल्या अंगठ्याला खटका किती दाबला हे कळत नाही, म्हणून हातमोजे वारा अडवणारेच हवेत. निघण्याआधी खटका दाबून सोडा, तो 'टक्' करून परत आला पाहिजे. रेंगाळत आला तर आत वाळू गेली आहे, ती गाडी घेऊ नका. इंजिन बंद करायची दोरी असेल तर मनगटाला बांधा. मफलर, उपरणं, ओढणी गळ्यात नको, चाकात किंवा चेनमध्ये जाते.

बाकी बारीकसारीक. सकाळी दवानं ओलसर वाळू घट्ट असते, दुपारी सैल पडते. सकाळ-संध्याकाळ सावल्यांमुळं माथे उठून दिसतात. पेट्रोल तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक राखीव. प्रत्येक गाडीला उंच झेंडा, म्हणजे टेकाडापलीकडून दिसतो. मिश्र ताफा असेल तर क्वाड पुढं, बग्ग्या मागं. बग्गीची चाकोरी रुंद असते, तीत क्वाडचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर येतं. शिवाय पाणी, फावडं, दोर, पंप बग्गीतच बसतं, आणि ते मागून येणंच बरं. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी घुसवायची नाही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आपण ज्याच्यासाठी हळहळतो तो माळढोक पक्षी तिथं अजून थोडाफार तगून आहे.

कुणी काय घ्यावं? पहिल्यांदा जाणाऱ्या, घरच्यांना घेऊन जाणाऱ्या मंडळींनी बग्गी. ज्यांचा मोटारसायकलवर हात बसलाय आणि जे तासभर सपाट वाळूवर अंग हलवायचा सराव करायला तयार आहेत, त्यांनी एकेकाची क्वाड. सहा मित्र असाल तर सहा क्वाड किंवा तीन बग्ग्या, तीन क्वाडींवर सहा जण नाही. फोनवर बुकिंग करताना 'एटीव्ही आहे का' असं विचारू नका. विचारा: हँडल की स्टिअरिंग? पायदानं किती? पट्टे चालू आहेत का? हेल्मेट माणशी एक मिळेल का? आणि हवेचा आकडा किती ठेवता? यावर 'तीस' असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा.