सातवी-आठवीतलं स्पॅनिश कॉलेजसाठी धरतात का? (कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी)

मुलीने मिडल स्कूलमध्ये स्पॅनिश केलंय, आता नववीत परत पहिल्यापासून करायचं का, हा प्रश्न आमच्या ओळखीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच. तर यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठांपुरतं सांगायचं तर हो, सातवी-आठवीतली भाषा धरतात, फक्त हायस्कूलने ती आपल्या कोर्सच्या तोडीची मानलेली पाहिजे आणि ग्रेड सी किंवा वरची पाहिजे. त्यांच्या ए-जी यादीत, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या यादीत, इंग्रजी सोडून एकाच भाषेची २ वर्षं लागतात, ३ केली तर चांगलं असं यूसी म्हणते.

गोंधळ होतो तो 'वर्ष' या शब्दाने. ते वर्गात बसलेली वर्षं मोजत नाहीत, लेव्हल बघतात. बऱ्याच शाळांत सातवी आणि आठवी मिळून एकच लेव्हल होते, म्हणजे स्पॅनिश १. मग नववीत मूल थेट स्पॅनिश २ ला बसलं आणि सी मिळाला की २ वर्षं पूर्ण, आणि स्पॅनिश ३ केलं तर ३ धरतात. खालच्या लेव्हलला डी आला असेल तरी वरच्या लेव्हलचा सी तो भरून काढतो, त्यामुळे आठवीतल्या एका वाईट ग्रेडसाठी पोराला रागवू नका, तसंही मिडल स्कूलचे ग्रेड यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) येत नाहीत.

यूसीच्या अर्जात सातवी-आठवीचं गणित आणि भाषा वेगळी विचारतात, तिथे कोर्सचं नाव आणि ग्रेड आपणच भरायचे. आमच्या लेकीच्या हायस्कूल ट्रान्स्क्रिप्टवर आठवीचं काहीच नव्हतं, शेवटी गॅरेजमधल्या खोक्यातून जुनं रिपोर्ट कार्ड शोधलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. ते कार्ड आत्ताच स्कॅन करून ठेवा, आणि आठवी संपतानाच काउन्सिलरला ईमेल करून लेखी विचारा की हे स्पॅनिश १ म्हणून मान्य आहे ना.

आता आपल्या मराठीचं. रविवारच्या शाळेचे तास आपोआप धरत नाहीत. पण भारतात सहावी किंवा पुढची २ वर्षं मराठी माध्यमात झाली असतील आणि मार्क ठीक असतील तर भाषेची अट तिथेच पूर्ण होते, तिकडचे मार्कशीट मात्र जपून आणा! आणि ज्या भाषेची नेहमीची परीक्षा किंवा कोर्स मिळत नाही तिथे मुलाला दुसऱ्या लेव्हलइतकी भाषा येते असं हायस्कूलचे प्रिन्सिपल प्रमाणित करू शकतात, त्यासाठी भाषा जपणाऱ्या सांस्कृतिक संस्थांचा सल्लाही घेता येतो, म्हणून मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेतल्या बाईंकडून पत्र घेऊन काउन्सिलरला नक्की भेटा, दहावीतच भेटा, बारावीच्या ऑक्टोबरात अर्जाची गर्दी असते तेव्हा नको.

खाजगी आणि दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजांना हे गणित लागू नाही, काहींना हायस्कूलमधलीच वर्षं हवी असतात, त्यामुळे तशी कॉलेजं यादीत असतील तर स्पॅनिश २ वर थांबू नका आणि प्रत्येक कॉलेजच्या अॅडमिशन पानावर भाषेची ओळ वाचून घ्या.