सिलिकॉन टिकते, रसायने दमतात

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची दहा-बारा वर्षे, इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जडलेल्या माणसाने कधी ना कधी करून पाहावे असे एक काम ठरलेले होते: सुट्या आयसी (सिलिकॉनच्या चिप) जोडून स्वतःचे डिजिटल घड्याळ बनवणे. ७४०० मालिकेतील १४-१५ आयसी, लाल अंक दाखवणारे ६ एलईडी दर्शक, एक ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज स्थिर ठेवणारा ५ व्होल्टचा रेग्युलेटर आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात कोरून काढलेला तांब्याचा पीसीबी (भाग जोडण्याचा छापील फलक) एवढ्या सामग्रीवर ते उभे राहत असे. माझे असेच एक घड्याळ अनेक वर्षे अडगळीत पडून होते. अलीकडे ते बाहेर काढले आणि चालू करण्याआधी त्याचा एकेक भाग तपासला. त्या तपासणीतून जे सर्वांत ठळकपणे पुढे आले ते असे, की अशा यंत्रात काळाचा परिणाम सगळ्या भागांवर सारखा होत नाही. मोजण्याचे आणि निर्णय घेण्याचे काम करणारे सिलिकॉन जवळजवळ जसेच्या तसे राहते. थकतात ते द्रव, धातूंचे पृष्ठभाग आणि सांधे, म्हणजे यंत्र बनवताना ज्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही अशा गोष्टी.

म्हणूनच जुन्या यंत्राच्या बाबतीत पहिला नियम असा, की ते थेट प्लगला लावायचे नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राला सर्वांत मोठा धोका पहिल्या काही सेकंदांतच असतो आणि त्याचे कारण बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे असते.

ट्रान्सफॉर्मरने कमी केलेले आणि डायोडांनी एका दिशेचे केलेले व्होल्टेज सतत चढउतार करत असते. त्यातले खळगे भरून काढणे हे या मोठ्या, नळकांड्यासारख्या कपॅसिटरचे काम. त्याच्या आत ॲल्युमिनियमचे दोन वर्ख आणि त्यांच्यामध्ये विद्युतवाहक द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. हा कागदच विद्युतरोधक असावा असे पाहणाऱ्याला वाटते, पण तसे नाही. खरा विद्युतरोधक म्हणजे धन बाजूच्या वर्खावर रासायनिक क्रियेने चढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर. त्याची जाडी प्रत्येक व्होल्टमागे सुमारे दीड नॅनोमीटर ठेवली जाते. त्यामुळे २५ व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये, थोडी सुरक्षित मर्यादा धरूनही, हा थर ४०-५० नॅनोमीटरच्या आसपासच भरतो. इतक्या पातळ थरामुळेच बोटाएवढ्या नळकांड्यात हजारो मायक्रोफॅरडची धारकता मावते.

हा थर एकदा बनला की कायमचा टिकतो असे मात्र नाही. आतला द्रव त्याला हळूहळू कुरतडत असतो, आणि कपॅसिटरला नियमित व्होल्टेज मिळत असेल तर त्याच द्रवातला ऑक्सिजन ॲल्युमिनियमशी संयोग पावून पडलेली भोके पुन्हा बुजवत असतो. यंत्र चालू असेपर्यंत झीज आणि दुरुस्ती बरोबरीने चालतात. यंत्र बंद करून ठेवले की दुरुस्ती थांबते आणि झीज चालूच राहते. अशा कपॅसिटरवर एकदम पूर्ण व्होल्टेज आले तर कमकुवत झालेल्या थरातून मोठा प्रवाह गळतो, आतला द्रव तापतो, त्याची वाफ होते आणि नळकांडे फुटू शकते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण त्याला संयम लागतो. कपॅसिटर सर्किटमधून सोडवून, काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला आधी अगदी कमी व्होल्टेज द्यायचे, गळतीचा प्रवाह मीटरवर पाहत राहायचे आणि तो उतरला की व्होल्टेज थोडे वाढवायचे. या घड्याळातल्या मुख्य कपॅसिटरची गळती सुरुवातीला मिलिअँपिअरमध्ये होती आणि काही तासांत ती मायक्रोअँपिअरवर आली. मीटरचा आकडा असा उतरताना पाहणे म्हणजे ऑक्साइडचा थर डोळ्यांदेखत पुन्हा उभा राहताना पाहणे आहे. जुन्या यंत्रांच्या कामात मला याहून समाधान देणारे दुसरे काही आढळलेले नाही.

तरीही हा कपॅसिटर मला अखेर बदलावाच लागला. थर दुरुस्त होऊ शकतो, पण रबरी बुचातून वर्षानुवर्षे थोडा थोडा उडून गेलेला द्रव परत येत नाही. द्रव आटला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि तो खळगे भरण्याच्या कामाचा राहत नाही. येथे तापमानाचा हिशोब महत्त्वाचा ठरतो. सर्वसाधारण ठोकताळा असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांना २,००० तास टिकेल अशा कपॅसिटरभोवती ४५ अंश तापमान असेल, तर आयुष्य १६ पट म्हणजे ३२,००० तास होते. आकडा मोठा वाटतो, पण घड्याळ रात्रंदिवस चालते आणि वर्षात ८,७६० तास असतात. म्हणजे हे आयुष्य पावणेचार वर्षांहूनही कमी झाले. या घड्याळात रेग्युलेटरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकला खेटून बसवलेला छोटा कपॅसिटर पुरता वाळलेला निघाला आणि त्याच जातीचा, पीसीबीच्या दुसऱ्या टोकाचा कपॅसिटर मोजमापात व्यवस्थित भरला.

इतकी उष्णता येते कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. ७४०० मालिकेच्या टीटीएल या जुन्या तंत्राच्या मूळ आयसी विजेच्या बाबतीत फार खर्चिक आहेत. ७४९० हा गणक साधारण ३० मिलिअँपिअर आणि दर्शकाच्या पट्ट्या पेटवणारा ७४४७ हा डिकोडर ६० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह घेतो, मग तो काही करत असो वा नसो. ८ गणक, ६ डिकोडर आणि दर्शक मिळून हा आकडा ०.९ अँपिअरच्या घरात जातो. रेग्युलेटरला ९ व्होल्ट देऊन ५ व्होल्ट काढले, तर उरलेल्या ४ व्होल्टची साडेतीन वॅटहून अधिक उष्णता होते. मनगटावरचे काट्यांचे क्वार्ट्झ घड्याळ सुमारे १ मायक्रोअँपिअरवर चालते, हे लक्षात घेतले की मधल्या काळात सीमॉस या फार कमी वीज घेणाऱ्या तंत्राने काय साधले याची कल्पना येते.

कपॅसिटर झाल्यावर पाळी सांध्यांची आणि संपर्कांची. ज्या यंत्रात निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तेथे खरे तर सर्वांत आधी तिच्याकडेच पाहावे, कारण तिच्यातून झिरपणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या पट्ट्या खात लांबवर पसरते. या घड्याळात बॅटरी नसल्याने तो प्रश्न आला नाही. कथिल आणि शिसे यांच्या मिश्रणाचा जुना डाख (सोल्डर) चांगल्या स्थितीत होता. शिशामुळे हा डाख १८३ अंशांना वितळतो, एवढाच त्याचा फायदा नव्हता. शुद्ध कथिलाच्या पृष्ठभागावर कालांतराने केसाहून बारीक धातूचे तंतू उगवतात आणि शेजारच्या पायाला टेकून शॉर्टसर्किट करतात. थोडेसे शिसे मिसळले की ही वाढ बरीचशी आटोक्यात राहते. एएफ११७ सारख्या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या धातूच्या टोपीच्या आत असेच तंतू वाढून ते निकामी होतात, हे जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

पहिल्यांदा वीज देताना घड्याळाच्या मार्गात फिलामेंटचा एक दिवा सिरीजमध्ये ठेवला. थंड फिलामेंटचा रोध अगदी कमी असतो आणि तापल्यावर तो १० पटींहून अधिक वाढतो. त्यामुळे सगळे ठीक असेल तर दिवा जेमतेम तांबूस होतो, आणि आत कोठे शॉर्ट असेल तर सगळे व्होल्टेज स्वतःवर घेऊन तो लख्ख पेटतो व यंत्र वाचते. मात्र मेन्सच्या, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याच्या, व्होल्टेजवरचे हे काम ज्याला त्याची सवय आहे त्यानेच करावे.

घड्याळ चालू झाले आणि पाच अंक बरोबर आले. सेकंदांच्या एककाचा अंक मात्र विचित्र होता: आधी ८, मग ९, नंतर खालच्या अर्ध्या भागात एक छोटा उघडा कंस, त्याचे प्रतिबिंब, आणखी काही अनोळखी आकृत्या, मग क्षणभर अंधार, आणि पुन्हा ८ व ९. हा गोंधळ दिसत असला तरी त्यात काटेकोर नियम आहे. ७४९० गणक ० ते ९ हे अंक १, २, ४ आणि ८ या किमतींच्या चार तारांवर मांडतो आणि ७४४७ त्या तारा वाचून दर्शकाच्या ७ पट्ट्या पेटवतो. टीटीएल आयसीची एखादी इनपुट तार तुटली, तर आयसी तिला ० न समजता १ समजते. ८ किमतीची तार तुटली की ० चे ८ होतात, १ चे ९ होतात आणि २ ते ७ यांचे १० ते १५ होतात. १० पासून पुढच्या संकेतांना ७४४७ ठरावीक चिन्हे दाखवतो आणि १५ ला सगळे विझवतो. म्हणजे आयसी निर्दोष होती, फक्त तिच्या सॉकेटच्या एका पायावर ऑक्साइड साचला होता. ती सॉकेटमधून काढून पुन्हा बसवताच अंक सुधारले. मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या घड्याळात दोषाचे असे वाचन करता येत नाही. तेथे सगळा हिशोब एकाच आयसीच्या पोटात होतो. येथे प्रत्येक पायरी बाहेर, तारेवर येते.

गणकांची साखळीही अशीच उघड आहे. एका गणकाचे १० अंक संपले की तो पुढच्याला हातचा देतो. मिनिटांच्या दशकस्थानी ६ येताच, २ आणि ४ या किमतींच्या तारा गणकाच्या रीसेटला जोडलेल्या असल्यामुळे तो लगेच शून्यावर येतो. तासांच्या बाबतीत दशकाची २ ची आणि एककाची ४ ची तार वापरून २४ ला हेच केले जाते. त्यामुळे दररोज मध्यरात्री या घड्याळात खरोखरच २४ वाजतात, पण ते टिकतात काही दशक नॅनोसेकंद. डोळ्याला ते दिसणे शक्य नाही, विद्युतलहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर मात्र तो बारीक सुळका स्वच्छ पकडता येतो.

दर्शकांकडे जवळून पाहिले की आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात. ६ च्या माथ्यावरची आणि ९ च्या तळाची आडवी पट्टी पेटत नाही. हे ७४४७ चे लक्षण आहे, आणि पुढे आलेल्या ७४२४७ ने या पट्ट्या जोडल्या. दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या पट्ट्या सारख्या तेजस्वी राहिलेल्या नाहीत. त्या काळच्या लाल एलईडीत गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड वापरलेले असे. निक होलोनियाक यांनी १९६२ साली याच पदार्थातून लाल प्रकाश देणारा पहिला एलईडी बनवला होता. जितका काळ प्रवाह वाहतो तितका त्याचा उजेड हळूहळू मंदावतो. उजवीकडची खालची उभी पट्टी २ सोडून सगळ्या अंकांत लागते, तर डावीकडची खालची पट्टी फक्त ०, २, ६ आणि ८ मध्ये. एकीने ९ वाटा काम केले तर दुसरीने ४, आणि अंधाऱ्या खोलीत हा फरक डोळ्यांना जाणवतो. सिलिकॉन झिजत नाही असे वर म्हटले, पण प्रकाश देणारे हे अर्धवाहक त्याला अपवाद आहेत. हे दर्शक मी बदललेले नाहीत आणि बदलू नयेत असेच माझे मत आहे, कारण घड्याळ किती चालले याची हीच एक नोंद त्यात उरली आहे.

एक जुनी खोड मात्र दूर करता आली. शेजारी मोटारीचे कोणतेही उपकरण चालू-बंद झाले की हे घड्याळ अधूनमधून सेकंद-दोन सेकंद पुढे उडी मारत असे. टीटीएल आयसीचे आउटपुट ० चे १ होताना तिचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर क्षणभर एकदमच चालू असतात आणि पुरवठ्यातून प्रवाहाचा झटका घेतात. त्यात बाहेरचा गोंगाट मिसळला की गणकाला नसलेला स्पंद दिसतो. आयसींजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावले की असे झटके जागच्या जागी शमतात. त्या काळच्या छंदी आराखड्यांत ते अनेकदा दाखवलेलेच नसत. ७४९० ला ते जोडताना लक्ष ठेवावे लागते, कारण इतर बहुतेक १४ पायांच्या आयसींप्रमाणे तिचा पुरवठा १४ आणि ७ या पायांवर नसून ५ आणि १० या पायांवर आहे.

शेवटचा प्रश्न होता तो वेळेच्या मूळ आधाराचा. हे घड्याळ मेन्सच्या लहरी मोजते: ५० हर्ट्झला आधी ५ ने आणि मग १० ने भागले की सेकंदाचा एक स्पंद मिळतो, आणि जेथे ६० हर्ट्झ असेल तेथे ५ च्या जागी ६ ने भागतात. क्वार्ट्झ स्फटिक बसवावा असा मोह होतो. घड्याळी स्फटिक सेकंदाला ३२,७६८ आंदोलने करतो. हा आकडा २ चा १५वा घात असल्याने सलग १५ वेळा निम्मे केले की नेमका सेकंद मिळतो. साध्या स्फटिकाची चूक दशलक्षात २० भाग धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद होते आणि ती बहुधा एकाच दिशेने साचत जाते. मेन्सची वारंवारता क्षणोक्षणी बदलते, पण अनेक मोठ्या जाळ्यांमध्ये ती सरासरीने ५० वर राखण्यासाठी नंतर भरपाई केली जाते. ही भरपाई थांबली तर काय होते हे २०१८ साली युरोपात दिसले. सर्बिया आणि कोसोवो यांच्या वीजव्यवहारातील वादामुळे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जोडलेल्या जाळ्याची सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झवर उतरली आणि मेन्सवर चालणारी घड्याळे जवळपास ६ मिनिटे मागे पडली.

मी स्फटिक बसवलेला नाही. दर लहर मोजणारी ती दोन ७४९० मूळ जागीच आहेत. भार वाढला की वारंवारता किंचित उतरते आणि घड्याळ प्रमाण वेळेच्या काही सेकंद मागे जाते, भार उतरला की ते अंतर भरून काढते. मोजमापाचे कोणतेही वेगळे साधन न वापरता, नुसत्या सेकंदांच्या फरकावरून, विजेच्या संपूर्ण जाळ्यातील मागणी आणि पुरवठ्याचा तोल त्यावर वाचता येतो.