एक्ससीआरआय-कॅप (कोर्सच्या माहितीचं सामायिक स्टँडर्ड)

एक्ससीआरआय-कॅप हे ब्रिटनमध्ये तयार झालेलं एक डेटा स्टँडर्ड आहे. कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीतल्या कोर्सची माहिती कुठल्या साच्यात लिहायची, कुठल्या रकान्यात काय टाकायचं याचे हे ठरलेले नियम, म्हणजे संस्थेने माहिती एकदाच नीट भरायची आणि मग ज्याला हवी त्या वेबसाइटने ती तशीच उचलायची. पहिल्या चार अक्षरांचा अर्थ कोर्सविषयक माहितीची देवाणघेवाण, आणि कॅप म्हणजे कोर्स ॲडव्हर्टायझिंग प्रोफाइल, कोर्सची जाहिरात करायला लागते तेवढीच माहिती. आपल्याकडे बारावीनंतर जे कॅप राउंड होतात ते वेगळे, तिथला कॅप म्हणजे सेंट्रलाइज्ड ॲडमिशन प्रोसेस, तेव्हा नावावरून गोंधळ नको.

काम सुरू झालं २००५ मध्ये. पैसे दिले जिस्कने, ही ब्रिटनमधल्या कॉलेज-युनिव्हर्सिटींच्या डिजिटल कामासाठीची संस्था, आणि प्रत्यक्ष काम केलं मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी आणि बोल्टन युनिव्हर्सिटीत ऑफिस असलेल्या सेटिस नावाच्या गटाने. अडचण साधी होती. एकच कोर्स छापील प्रॉस्पेक्टसमध्ये टाइप करायचा, मग स्वतःच्या वेबसाइटवर, मग ॲडमिशनचं केंद्रीय काम बघणाऱ्या यूकॅसच्या फॉर्ममध्ये, मग कोर्स शोधून देणाऱ्या आणखी चार-पाच साइट्सवर, आणि प्रत्येकाचे रकाने वेगळे. मग फी बदलली की एका ठिकाणी बदलायची आणि तीन ठिकाणी जुनीच राहायची, आणि विद्यार्थ्याला नेमकी जुनी दिसायची.

सुरुवातीला मंडळींनी मोठा घाट घातला होता, कोर्सची मंजुरी, गुणवत्ता तपासणी, शिकवण्याचे तपशील, सगळं एकाच मॉडेलमध्ये बसवायचं. ते जड झालं. मग त्यांनी ठरवलं की आधी फक्त जाहिरातीपुरतं बघू, आणि त्यातून कॅप आलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात शहाणा निर्णय, कारण कोर्सबद्दल सगळं काही सांगायला गेलं की दोन युनिव्हर्सिटींचं कधीच एकमत होत नाही, पण बाहेरच्या माणसाला कोर्स निवडताना काय लागतं यावर लवकर होतं.

रचना चार पायऱ्यांची आहे. सगळ्यात वर कॅटलॉग, त्यात प्रोव्हायडर म्हणजे शिकवणारी संस्था, संस्थेखाली कोर्स, आणि कोर्सखाली प्रेझेंटेशन. खरी मेख या शेवटच्या दोघांत आहे. आपल्याकडचे क्लासवाले म्हणतात ना, कोर्स तोच, पण जूनची बॅच वेगळी आणि संध्याकाळची वेगळी, प्रेझेंटेशन म्हणजे बरोब्बर ती बॅच. कोर्सचं नाव, वर्णन, विषय, शेवटी मिळणारी पदवी हे कोर्सच्या खात्यात. कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, कुठल्या इमारतीत, फी किती, अर्ज कधीपासून कधीपर्यंत हे बॅचच्या खात्यात. हे ऐकायला अगदी सोपं वाटतं पण युनिव्हर्सिटीच्या जुन्या डेटाबेसमध्ये हे दोन्ही एकाच ओळीत कोंबलेलं असतं, त्यामुळे दरवर्षी तारीख बदलली की अख्खा कोर्स नव्याने टाकायचा आणि जुना पण तसाच पडून राहायचा. ही दोन खाती वेगळी केली की अर्ध्याहून जास्त गोंधळ मिटतो असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कोर्स कसा चालतो हे एकाच शब्दात न गुंडाळता तीन प्रश्नांत फोडलं. फुल टाइम की पार्ट टाइम, हा एक. कॉलेजात येऊन, घरबसल्या ऑनलाइन, दूरस्थ की कामाच्या जागी, हा दुसरा. आणि दिवसा, संध्याकाळी की शनिवार-रविवार, हा तिसरा. प्रत्येकाला ठरलेले दोन अक्षरांचे कोड. दिवसा नोकरी करून लॉ करायचं असलेल्या माणसाला पार्ट टाइम एवढं कळून काही उपयोग नसतो, त्याला वर्ग संध्याकाळी आहे की दुपारी दोनला हे कळायला हवं, आणि ते वेगळ्या रकान्यात असेल तरच शोधता येतं. फी आणि प्रवेशाची पात्रता मात्र मोकळ्या मजकुरातच लिहायची सोय ठेवली, कारण स्थानिक विद्यार्थ्याची फी वेगळी, परदेशी विद्यार्थ्याची वेगळी, त्यात सवलती, हे सगळं आकड्याच्या एका रकान्यात मावत नव्हतं. त्याची किंमत अशी की मशीनला दोन कोर्सची फी परस्पर ताडून बघता येत नाही.

सगळ्यात जास्त काथ्याकूट होतो तो कोर्स म्हणजे काय यावर, आणि तो ब्रिटनपुरता नाही. कोणासाठी तीन वर्षांची अख्खी डिग्री म्हणजे कोर्स, तर कोणासाठी एका सेमिस्टरचा एक विषय. आपल्याकडे घरी आपण बीएला कोर्स म्हणतो आणि युनिव्हर्सिटीच्या क्रेडिट पद्धतीच्या कागदात बीए हा प्रोग्राम असतो आणि त्यातला एकेक पेपर हा कोर्स असतो.

युरोपात तेव्हा बाकीचे पण याच कामात होते, नॉर्वेचं सीडीएम होतं, स्वीडनचं एमिल होतं, फ्रान्सने नॉर्वेचंच आपल्या सोयीने बदलून घेतलं. मग सगळ्यांनी बसून आपापल्या मॉडेलमधलं सामायिक तेवढं काढलं, त्याचा करार २००८ मध्ये झाला आणि २०११ मध्ये ते ईएन १५९८२ या नावाने युरोपियन स्टँडर्ड झालं. त्यात पण कॅटलॉगखालचे तेच तीन तुकडे, शिकवणारा, शिकायची गोष्ट आणि ती गोष्ट प्रत्यक्ष एकदा घडणं. एक्ससीआरआय-कॅपची १.२ ही आवृत्ती याच्याशी जुळवून घेतली आणि २०१२ मध्ये बीएस ८५८१ म्हणून ते ब्रिटिश स्टँडर्ड झालं.

२०११ ते २०१३ या काळात जिस्कने इंग्लंडमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी आणि कॉलेजांना या साच्यातलं फीड, म्हणजे बाहेरच्या साइट्सना आपोआप उचलता येईल अशी फाइल, तयार करायला पैसे दिले, आणि तिथे जे बाहेर आलं ते मला स्टँडर्डपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. फाइल बनवणं अवघड नव्हतंच. अवघड होतं ते कोर्सची खरी माहिती कोणाकडे आहे हे शोधणं, कारण वर्णन मार्केटिंगवाल्यांकडे, पात्रता ॲडमिशन ऑफिसकडे, क्रेडिट रजिस्ट्रारकडे आणि वेळापत्रक डिपार्टमेंटमधल्या कोणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये. फीड द्यायचं म्हटल्यावर या सगळ्यांना एकत्र बसून कुठली माहिती कोणाच्या जबाबदारीची हे ठरवावं लागलं.

नेमकं त्याच वेळी इंग्लंडमध्ये फीची मर्यादा ३,३७५ पौंडांवरून ९,००० पौंडांवर गेली, आणि एवढे पैसे घेताय तर आकडे दाखवा म्हणून २०१२ पासून की इन्फर्मेशन सेट नावाचा वेगळा डेटा सक्तीचा झाला, त्यात विद्यार्थी किती समाधानी, शिकून झाल्यावर नोकरी आणि पगार काय, राहायचा खर्च किती. तो वेगळ्या साच्यात, यूकॅसचं आपलं वेगळं, म्हणजे एकदाच लिहायचं हे स्वप्न पूर्ण झालं नाही. स्टँडर्ड कितीही चांगलं असलं तरी मोठा घेणारा ते मागत नाही तोवर देणाऱ्याचा उत्साह टिकत नाही.

पुढे २०१६ मध्ये स्कीमा डॉट ऑर्गमध्ये, म्हणजे वेब पेजवरची माहिती मशीनला कळावी म्हणून ठरवलेल्या सामायिक शब्दांच्या यादीत, कोर्स आणि कोर्स इन्स्टन्स हे दोन प्रकार आले, म्हणजे वेगळी फाइल न देता वेब पेजच्या आतच ही माहिती मशीनला वाचता येईल अशी लिहायची, आणि बघा, कोर्स आणि बॅच हा फरक तिथेही तसाच आहे. अमेरिकेत डिग्री आणि सर्टिफिकेटचं वर्णन करायला सीटीडीएल नावाची वेगळी भाषा आहे. गुगलने कोर्सची ही माहिती सर्चमध्ये खास दाखवायला सुरुवात केली होती, पण २०२५ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

भारतात याचे तुकडे आहेत. प्रत्येक कॉलेजला उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा एआयएसएचई कोड असतो, कॉलेजचा सी पासून आणि युनिव्हर्सिटीचा यू पासून सुरू होणारा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या फॉर्मला बसलेल्या कुठल्याही घराला चॉइस कोड माहीत असतो, त्यात आधी कॉलेजचा नंबर, मुंबईचं व्हीजेटीआय असेल तर ३०१२, आणि मग ब्रँच. पण हा कोड जागा वाटायला आहे, कोर्सचं वर्णन करायला नाही, म्हणून पोरं आणि आईवडील रात्र रात्र बसून वीस कॉलेजांच्या साइट उघडून फी आणि हॉस्टेल वहीत उतरवत बसतात. २०२१ मध्ये यूजीसीने ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले, त्यामुळे एका ठिकाणी मिळवलेले क्रेडिट दुसऱ्या ठिकाणी नेता येतात, म्हणजे पेपरचा कोड, नाव आणि क्रेडिटचा आकडा खात्यात जमा होतो. त्या पेपरात नक्की काय शिकवलं हे मात्र बहुतेक ठिकाणी अजून सिलॅबसच्या पीडीएफमध्येच आहे, आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या मास्तरांना तो उघडून, वाचून, आपल्या पेपरशी हाताने जुळवून बघावा लागतो.