परचेसिंग ऑर्गनायझेशन आणि परचेसिंग ग्रुप: एसएपीमधली दोन सारखी वाटणारी नावं

एसएपी या कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह झालेला कुठलाही पीओ (पुरवठादाराला दिलेली खरेदीची ऑर्डर) एमई२२एन या पीओ बदलायच्या स्क्रीनमध्ये उघडा आणि हेडरमधला ऑर्गनायझेशन डेटाचा टॅब बघा. तीन रकाने दिसतील. कंपनी कोड (स्वतंत्र हिशेब ठेवणाऱ्या कंपनीचा कोड) आणि परचेसिंग ऑर्गनायझेशन हे दोन राखाडी, त्यांना हात लावता येत नाही. परचेसिंग ग्रुपचा रकाना मात्र मोकळा असतो. जुना कोड खोडून नवा टाकला, सेव्ह केलं, झालं. या दोन नावांत ज्यांचा घोळ होतो त्यांना मी सगळ्यात आधी हा स्क्रीन दाखवतो.

घोळाचं मूळ भाषांतरात आहे. एसएपी मूळचं जर्मन. जर्मनमध्ये पहिल्याला खरेदीची संस्था म्हणतात आणि दुसऱ्याला 'आइनकॉयफरग्रुपं', म्हणजे खरेदी करणाऱ्या माणसांचा गट. इंग्रजीत दोन्हीकडे 'परचेसिंग' आलं आणि त्यातला माणूस गळाला.

ग्रुप म्हणजे बायरचं, खरेदी करणाऱ्या कर्मचाऱ्याचं, कामाचं टेबल. तीन अक्षरी कोड, नाव, फोन नंबर, ईमेल. तो कंपनी कोड, प्लांट (कारखाना किंवा गोदाम) किंवा परचेसिंग ऑर्गनायझेशन यांपैकी कशालाही जोडलेला नसतो. मटेरियल मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ नोंदीत, प्लांटच्या पातळीवर तो भरला की त्या मालाची रिक्विझिशन (खरेदीची मागणी) कोणाकडे जायची ते ठरतं. बायर नोकरी सोडून गेला तर कोड तोच राहतो, फोन नंबर तेवढा बदलायचा.

ऑर्गनायझेशनचं तसं नाही. पुरवठादाराशी बोलणी करून अटी ठरवणारं आणि त्या व्यवहाराला जबाबदार असणारं ते एकक. कोड चार अक्षरी, आणि त्याच्या पोटात बरंच काही साठतं: व्हेंडरची म्हणजे पुरवठादाराची पेमेंट टर्म (पैसे देण्याची मुदत), ऑर्डरचं चलन, इन्को टर्म्स (माल पोचवण्याच्या अटी), इन्फो रेकॉर्डमधले (त्या व्हेंडरच्या त्या मालाच्या नोंदीतले) रेट. एक ऑर्गनायझेशन अनेक प्लांटना जोडता येते आणि एका प्लांटला अनेक ऑर्गनायझेशन. कंपनी कोडची जोडणी रिकामी ठेवली तर ती समूहातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लांटसाठीही खरेदी करू शकते.

वेगळी ऑर्गनायझेशन लागते ती अटीच वेगळ्या असतात तेव्हा. मुख्यालय मोठे करार करतं आणि कारखाने किरकोळ माल आपापल्या भावाने घेतात, अशा ठिकाणी दोन असणं रास्त आहे. मुख्यालयाच्या ऑर्गनायझेशनला रेफरन्स ऑर्गनायझेशन केलं की कारखान्यांनाही तिचे करार वापरता येतात. राज्य वेगळं म्हणून ऑर्गनायझेशन वेगळी करायची गरज नाही. महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, कर्नाटकाचा २९ ने. तो फरक प्लांटला जोडलेल्या बिझनेस प्लेसमध्ये, म्हणजे करनोंदणीच्या ठिकाणात, सांभाळला जातो.

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी याच्या उलट झालेलं पाहिलं. बायर तीन: स्टील, पॅकिंग, मेंटेनन्स. म्हणून ऑर्गनायझेशनही तीन. भोसरीतला एक छोटा फॅब्रिकेटर त्यांना पॅकिंगसाठी लोखंडी पॅलेट द्यायचा आणि मेंटेनन्ससाठी मशीनचे गार्ड. एकच माणूस, एकच बँक खातं; पण व्हेंडर मास्टर (पुरवठादाराची मूळ नोंद) दोन ऑर्गनायझेशनमध्ये भरलेला, पॅकिंगकडे पेमेंट टर्म ३० दिवस, मेंटेनन्सकडे ६०. पीओ ही टर्म तिथूनच उचलतो आणि बिल ती पीओवरून. वास्तविक छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी मुदत उलटून वर्षअखेर थकलेली रक्कम आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. पैसे द्याल त्या वर्षी धरायची. गार्डच्या बिलांचे पैसे दोन-दोन महिने अडकायचे आणि तो माणूस खरेदी विभागात येऊन ताटकळत बसायचा. त्याची चूक काहीच नव्हती. मला ते आजही सलतं.

तीन ऑर्गनायझेशन का केल्या असं विचारल्यावर उत्तर आलं, "स्टीलच्या बायरला पॅकिंगचे पीओ दिसू नयेत म्हणून." हे कारण मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय, आणि त्यासाठी ऑर्गनायझेशन फोडायची गरज नसते. पीओच्या ऑथरायझेशनमध्ये, म्हणजे कोणाला काय बघता-बदलता येईल याच्या परवानगीत, एम_बेस्ट_ईकेओ ऑर्गनायझेशन तपासतं आणि एम_बेस्ट_ईकेजी ग्रुप. बायरच्या रोलमध्ये (त्याला दिलेल्या परवानग्यांच्या संचात) दुसऱ्यात त्याचा एकच ग्रुप भरला की काम भागतं. पीओ कोणी मंजूर करायचा ते ठरवणारी रिलीज स्ट्रॅटेजीसुद्धा ग्रुपवर लावता येते.

शेवटी तिथे एक ऑर्गनायझेशन आणि तिच्यासोबत तीन ग्रुप अशी मांडणी झाली. ग्रुपचे कोड उघडायला अर्धा तासही लागला नाही. पण सगळे व्हेंडर नव्या ऑर्गनायझेशनमध्ये भरणं, इन्फो रेकॉर्ड नव्याने बनवणं, आणि तो राखाडी रकाना बदलत नाही म्हणून प्रत्येक अर्धवट पीओचा उरलेला माल बंद करून नवा पीओ काढणं, हे काम महिनोन्‌महिने चाललं. फॅब्रिकेटरची टर्म मात्र पहिल्याच दिवशी दुरुस्त करून घेतली: दोन्ही मालांना ३० दिवस.