चिलटं आणि एरिथ्रिटॉल: ही चाचणी आली कुठून?

‘शुगर फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पदार्थांत साखरेऐवजी घातलेलं एरिथ्रिटॉल चिलटांना मारतं, हे वाचलं की घरातल्या मधुमेही माणसाच्या पोटात गोळा येतो. माहिती खरी आहे. पण ती कुठल्या परंपरेतून आली, हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

1902 साली वॉशिंग्टनमध्ये हार्वे वायली यांनी बोरॅक्ससारखी टिकाऊपणासाठी घालायची रसायनं थेट माणसांवर तपासली. तरुण स्वयंसेवक ती जेवणातून खात आणि त्यांची प्रकृती नोंदली जाई. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला, रसायनं तपासण्याच्या या कामात आलं ते आनुवंशिकतेच्या वाटेने. न्यूयॉर्कमध्ये टॉमस मॉर्गन यांना 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्यांचे शिष्य हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे दाखवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिनबर्गला शार्लट ऑअरबाख यांना मस्टर्ड गॅस या विषारी युद्धरसायनानेही तेच होताना दिसलं. रसायन जनुकाला इजा करतं म्हटल्यावर खाण्यातल्या रंगांकडेही संशयाने पाहणं ओघानेच आलं.

1984 मध्ये पंखाची चाचणी आली. तपासायचं रसायन अळ्यांना खाऊ घालायचं आणि पंख फुटले की ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. पंखाच्या प्रत्येक पेशीवर एकच केस असतो. जनुक बिघडलेल्या पेशींवर मात्र तिथे केसांचा झुबका दिसतो. असे झुबके मोजायचे. हानीची इतकी स्वच्छ खूण क्वचितच मिळते.

एरिथ्रिटॉलची गोष्ट या घराण्यातली नव्हे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाच्या सहावीतल्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी चिलटांना वेगवेगळे गोड पदार्थ खाऊ घातले. त्यातल्या ट्रुव्हियाच्या, म्हणजे मुख्यतः एरिथ्रिटॉल असलेल्या साखरेच्या पर्यायाच्या, नळीतली चिलटं आठवड्याच्या आत मेली. मग विद्यापीठात प्रयोग नीट करून पाहिला, आणि 2014 मध्ये निबंध आला: ट्रुव्हियावरची चिलटं सरासरी 5.8 दिवस जगली, इतर खाद्यावरची 38.6 ते 50.6 दिवस. मरण्याआधी त्यांना नळीच्या भिंतीवर धड चढताही येईना. संशोधकांनी निष्कर्ष काढला तो कीटकनाशकाचा, माणसाच्या धोक्याचा नव्हे. माझ्या मते तो अगदी योग्य होता, कारण माणसात एरिथ्रिटॉलचा सुमारे 90 टक्के भाग न बदलता लघवीवाटे निघून जातो. पंखावरचा झुबका जनुकाबद्दल बोलतो, आणि जनुकाचं रसायन आपलं नि चिलटाचं एकच; नळीतलं मरण चिलटाच्या शरीराबद्दल बोलतं.

माणसाबद्दलची खरी शंका 2023 मध्ये माणसांच्याच रक्तातून आली. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने अमेरिका आणि युरोपातल्या 4 हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघातही जास्त आढळले. मात्र एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही बनवतं. त्या रक्तातलं खाण्यातून आलेलं किती आणि शरीराने बनवलेलं किती, हे त्या मोजणीतून वेगळं करता येत नव्हतं.